दाजी परबांचे हार्ड अँड फास्ट रूल

दाजी परबांच्या घरी गेलात की चपला दाराच्या उजव्या हाताला काढायच्या. डाव्या हाताला काढल्यात तर दाजी काही बोलत नसत. ते खुर्चीतून उठत, तुमच्या चपला दोन बोटांत धरून उजवीकडे नेऊन ठेवत, परसात जाऊन हात धूत, पंचाला पुसत आणि मग परत येऊन "बसा" म्हणत. तोवर आलेला माणूस कशासाठी आला होता तेच विसरलेला असे. मी एकदा विचारलं, "दाजी, डावीकडे काय वाईट आहे?"

"वायट काय नाय," दाजी म्हणाले. "पण हार्ड अँड फास्ट रूल आसा, सर."

'का' या प्रश्नाला दाजींकडे हे एवढं एकच उत्तर होतं. आमच्या हायस्कुलात ते हेडक्लार्क आणि मी इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे तीस वर्षं मी ते ऐकलं. गावही आमचं एकच, मालवणपासून एसटीने तासाभरावरचं, खाडीच्या काठाला. घरंही जवळ, मध्ये फक्त जयवंतीकाकीचा गोठा आणि तिचे चार माड. म्हणजे शाळेत दाजी, वाटेत दाजी आणि संध्याकाळी गडग्यावरून डोकावलं तरी दाजीच. सरळ, बारीक आणि कोरडा माणूस. पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक काळं, एक लाल. काळं स्वतःच्या कामासाठी, लाल दुसऱ्यांच्या चुकांसाठी. लाल लवकर संपे.

त्यांना हा शब्द कुठे सापडला त्याचा मी साक्षीदार आहे. शाळेची तपासणी होती. ओरोसहून एक साहेब आले होते, बांगड्याचं तिखलं आणि दोन वाट्या सोलकढी पोटात गेल्यामुळे प्रसन्न झालेले. दाजींनी त्यांना विचारलं, हजेरीपट निळ्या शाईने लिहावा की काळ्या? साहेब हसून म्हणाले, "परब, देअर इज नो हार्ड अँड फास्ट रूल. बरं वाटेल त्या शाईने लिहा." दाजींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा आनंद पाहिला. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीच्या दारावर पुठ्ठा लागला: 'हजेरीपट फक्त काळ्या शाईने लिहावा. हार्ड अँड फास्ट रूल.' साहेबांच्या वाक्यातून दाजींनी आपल्या कामाचे तेवढे शब्द उचलले होते. त्यातला 'नो' सोलकढीच्या वाटीपाशीच राहिला.

इंग्रजीचा मास्तर असल्यामुळे मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दाजी, इंग्रज हा शब्द बहुतेक वेळा 'असा काही पक्का नियम नाही' हे सांगायलाच वापरतात." ऑफिसच्या उंबरठ्याच्या आत दाजी मालवणी बोलत नसत, तोही नियमच. थोडा विचार करून ते शुद्ध मराठीत म्हणाले, "म्हणूनच त्यांचं राज्य गेलं, सर."

मी आणखी एक प्रयत्न केला. त्यांना सांगितलं, हा मुळात दर्यावर्दी लोकांचा शब्द आहे, वाळूत रुतून बसलेल्या जहाजाला ते हार्ड अँड फास्ट म्हणत. वाटलं, खाडीकाठचा माणूस, आता तरी वरमेल. रुतलेल्या होडीचं आमच्याकडे कोणी कौतुक करत नाही. हाका मारून दहा माणसं गोळा करतात आणि ढकलतात. दाजी मात्र एकदम खूश झाले आणि त्यांनी मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. असा प्रसंग पुन्हा आला नाही.

नवा खडू हवा असेल तर जुन्याचा तुकडा दाखवायचा आणि तो नखापेक्षा मोठा असता कामा नये, हा त्यांचा खडूचा नियम. चित्रकलेच्या सरांचा खडू एकदा खिडकीतून विहिरीत पडला. तुकडा कुठून दाखवणार? दाजींनी त्यांच्याकडून अर्ज घेतला आणि अर्जावर खडू पडताना पाहणाऱ्या दोघांच्या सह्या. पाहणारे दोघे सातवीतले होते, म्हणून त्यांच्या पालकांच्याही सह्या झाल्या.

पण सगळ्यांत गाजलं ते फाटकाचं प्रकरण. पावणेअकराला शाळा भरे आणि पावणेअकराला फाटकाला कुलूप. एके दिवशी खाडीपलीकडून येणारी एसटी वाटेत बंद पडली. तिच्यात तीस-पस्तीस मुलं होती आणि त्या दिवशी नेमके हेडमास्तरही होते. सगळे धापा टाकत फाटकाशी पोचले तेव्हा एक मिनिट उशीर झाला होता. दाजी आत, कुलूप मध्ये, हेडमास्तर बाहेर.

"परब, फाटक उघडा."

"सर, फाटकाचा आदेश आपलाच आहे. खाली आपली सही आहे."

"मीच सांगतोय ना आता!"

"ते तोंडी झालं, सर. लेखी द्या."

हेडमास्तरांनी एका मुलीच्या वहीचं पान फाडलं, वही एका मुलाच्या पाठीवर ठेवून फाटक उघडण्याचा आदेश लिहिला आणि गजांतून आत सरकवला. दाजींनी तो नीट वाचला आणि तारीख नाही म्हणून परत दिला. तारीख घातली. मग त्याला आवक क्रमांक द्यायला दाजी ऑफिसात गेले. एवढ्यात आत प्रार्थना सुरू झाली. बाहेरच्या मुलांनी रस्त्यावरच हात जोडले, त्यांच्या पुढे हेडमास्तरांनीही जोडले. मासे विकायला निघालेली एक बाई टोपली खाली ठेवून त्यांच्यात उभी राहिली, तिला वाटलं कोणीतरी मोठा पुढारी वारला.

आम्ही ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगून हसलो. दाजी कधी रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "आवक क्रमांक एकशे बारा. फाईलला आहे. हसण्यासारखं काय आहे त्यात?"

एक सांगितलं पाहिजे. दाजींनी तीस वर्षांत कुणाकडून चहासुद्धा फुकट घेतला नाही. कुणाचा दाखला मुद्दाम अडवला नाही, कुणाचा ओळखीने लवकर दिला नाही. स्वतःच्या पुतण्यालाही दाखल्यासाठी मंगळवारपर्यंत थांबवलं, त्यात त्याची नोकरीची मुलाखत गेली. अशा माणसाचं काय करायचं हे मला कधी कळलं नाही. पैसे खाणाऱ्याशी निदान बोलणी करता येतात.

घरी मात्र त्यांची गाठ सुमतीवहिनींशी होती. वहिनी गोल, हसऱ्या आणि भलत्याच आज्ञाधारक. दाजींच्या एकूण एक नियमाला त्या "व्हय तर" म्हणत आणि आपल्याला हवं ते करत. दुपारचा चहा चार वाजताच, असा नियम होता. साडेतीनला कोणी आलं की वहिनी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकवत. दाजी बाहेर येऊन घड्याळाकडे बघत आणि समाधानाने चहा पीत. मनगटी घड्याळ घरात घालायचं नाही हाही त्यांचाच नियम, त्यामुळे चोरी पकडायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. पाहुणा गेला की वहिनी पुन्हा स्टुलावर. मी हे एकदा पाहिलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "रूल मोडूचो नाय, भावजी. घड्याळ हलवचा." सोमवारी घरात मासळीचं नाव काढायचं नाही म्हणून त्या सोमवारी दुपारी जयवंतीकाकीकडे जात आणि तिच्या चुलीपुढे बसून सुक्या सुंगटांची किसमूर खात. येताना वेलची चघळत येत.

दाजी निवृत्त झाले तेव्हा शाळा मोकळा श्वास घेऊ लागली, पण तो श्वास गावाच्या वाट्याचा होता. दोन महिन्यांत ते देवस्थान कमिटीचे सेक्रेटरी झाले. दुसरा कोणी उमेदवार नव्हता, वही लिहायला कोणालाच आवडत नसे. आणि त्याच वर्षी आमची गावपळण आली.

आमच्याकडे दर चार वर्षांनी देवदिवाळीनंतर सगळा गाव तीन दिवस गाव सोडून जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे शिवेबाहेरच्या माळावर झावळांच्या खोपटांत राहतात. मागे गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. का, ते कोणी धड सांगू शकत नाही. जुनी माणसं म्हणतात ते तीन दिवस गाव देवाचा. आता शहरातली मंडळी कॅमेरे घेऊन येतात आणि त्याला पर्यावरण म्हणतात. जायचं केव्हा, परतायचं केव्हा, हे रवळनाथाला विचारून ठरतं. रामा गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात.

या सगळ्याचा कधी कागद नव्हता. कुणाला अडचण आली की गुरव कौल लावी आणि देव बहुतेक वेळा ऐके. माझ्या आईचे दिवस गावपळणीतच भरले होते. कौल लावला, उजवी पाकळी पडली, आई सुईणीबरोबर घरीच राहिली आणि मी रिकाम्या गावात जन्मलो. माझ्या रडण्याचा आवाज ऐकायला गावात तिसरं माणूस नव्हतं, गाव परतल्यावर आईने हे सगळ्यांना सांगितलं.

दाजींनी सेक्रेटरी होताच या प्रकाराला शिस्त लावली. सत्तावीस नियम केले, त्यांचा फलक छापून देवळाच्या भिंतीवर लावला आणि वर मोठ्या अक्षरांत 'हार्ड अँड फास्ट'. प्रत्येक घराने आपल्या मांजरांची यादी रंगासकट द्यायची. बेवारस मांजरांची जबाबदारी कोणाची यावर सभेत दीड तास चर्चा झाली. गावातला हरी तारकर्लीला पर्यटकांची बोट चालवतो. त्याच्या आईचं मांजर यादीत काळं होतं आणि निघायच्या दिवशी पायांवर पांढरं सापडलं. दाजींनी म्हातारीकडून खुलासा लिहून घेतला. आम्ही हसलो. पण खरा नियम होता तो नववा: 'एकदा गावपळण ठरल्यावर वैयक्तिक अडचणींसाठी देवास विचारणा केली जाणार नाही.'

"देव म्हणजे काय चौकशीची खिडकी आसा?" दाजी सभेत म्हणाले. "एकाक सोडलंव की धा जण येतले. सगळ्यांक एकच रूल."

सगळ्यांत वयस्क मानकरी आबा गावकर कोपऱ्यात बसले होते. ते छाती खाजवत म्हणाले, "देवाक काय, तेका येळच येळ आसा." लोक हसले आणि हसता हसता सह्या करून घरी गेले. मीही केली. एवढंच नव्हे, त्या सत्तावीस नियमांचं शुद्धलेखन मीच तपासून दिलं होतं. नवव्या नियमात मी एक वेलांटी दुरुस्त केली, हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

त्या वर्षी जयवंतीकाकीची तांबू गाय गाभण होती. निघायच्या आदल्या दिवशी काकी दाजींच्या दारात उभी राहिली. मी ओटीवर बसलो होतो.

"दाजी, गायीचे दिस भरले. दीड मैल चलूक जमाचा नाय तिका. गुरवाक सांगा, कौल लावूक. मी गोठ्यातच रवतंय तिच्यावांगडा, चूल पेटवचंय नाय."

"नऊ नंबर वाच."

"माका वाचूक येणा नाय."

"म्हणान मी वाचतंय," दाजी म्हणाले आणि त्यांनी नववा नियम स्वच्छ आवाजात वाचून दाखवला.

आतून वहिनी बाहेर आल्या. "अवो, मुकी जनावरा ती. इचारून बघूक काय जाता?"

"आज गाय, उद्या म्हस. हार्ड अँड फास्ट रूल आसा."

दुसऱ्या दिवशी तांबू चालली. दर पन्नास पावलांवर थांबायची आणि काकी तिच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहायची. शीव वीसेक हातांवर असताना गाय रस्त्यातच बसली. वासरू आडवं आलं होतं. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत ते मेलेलंच बाहेर पडलं. आम्ही सगळे गोल करून उभे होतो. दाजी यादी घेऊन पुढे आले, एकदा रस्त्याकडे आणि एकदा शिवेच्या आंब्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे शिवेच्या अलीकडेच नोंद करूची लागतली."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. यादीत अलीकडचा रकाना वेगळा होता, पलीकडचा वेगळा. पण मला त्या क्षणी त्यांच्या हातातली यादी घेऊन फाडावीशी वाटली, आणि मी फाडली नाही. काकी तांबूच्या कपाळाला कपाळ लावून बसून राहिली. त्या दिवसापासून ती दाजींशी बोलायची बंद झाली. सोमवारची किसमूर मात्र चालू राहिली.

चार वर्षं गेली. पुढची गावपळण गेल्या हिवाळ्यात आली तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटात गाठ होती. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खायला घाला. एवढ्या गोल वहिनी, पण गादीवर चादरीची घडी ठेवल्यासारख्या दिसत. माजघरातल्या खिडकीशी त्यांची खाट होती. तिथून विहीर, केळी आणि जयवंतीकाकीचा गोठा दिसे. कौल होऊन दिवस ठरला त्या संध्याकाळी मी भेटायला गेलो.

"भावजी, तुमी तरी सांगा हेंका," त्या म्हणाल्या. "ह्या येळेक मी येवचंय नाय. माका हयच मरूचा आसा, ह्या खिडकीकडे. माळावरच्या खोपटात नको."

दाजी पायथ्याशी उभे होते. "तसा कसा? रूल सगळ्यांक सारखो. मीच मोडलंय तर लोक काय म्हणतले?"

"मगे माका थंयच जाळा. सोयीचा पडात तुमका, शिवेच्या पलीकडे नोंद करूक."

वहिनी हे हसत म्हणाल्या. चार वर्षं मनात ठेवलेलं वाक्य असावं. दाजींनी पंचा झटकून परत खांद्यावर टाकला. मी म्हटलं, "दाजी, रामाला सांगून कौल लावूया. आबा नाही म्हणणार नाहीत. देवही नाही म्हणणार नाही."

"नऊ नंबर," दाजी म्हणाले. आवाज मात्र स्वच्छ नव्हता. "जयवंतीक नाय म्हटलंय आणि माझ्या बायलेसाठी इचारू? कुठल्या तोंडान?"

यात त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. त्यांनी जे दार काकीच्या तोंडावर लावलं होतं ते स्वतःसाठी उघडणं खरोखरच निलाजरेपणाचं झालं असतं. पण आत खाटेवर एक बाई खिडकी मागत होती, आणि तिच्यापाशी फार दिवस नव्हते. मी उठलो, माझ्या चपला उजवीकडून घेतल्या आणि रागारागाने घरी आलो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दाजींच्या दारात एक गाडी येऊन गेली. त्यांनी हरीला बोलावून मोजणीची यादी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं की वहिनींना लेकीकडे, पिंगुळीला नेतोय, गाव परतल्यावर येऊ. यादीत स्वतःच्या घरापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'दोन इसम. मुक्काम पिंगुळी.' लाल पेनाने लिहिलं होतं. मी ते पाहिलं, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही. सगळ्यांना बरंच वाटलं, बिचारी खोपटात मरायची टळली.

वहिनी त्यानंतर आठवड्याभरात गेल्या. मी तेव्हा मुलाकडे पुण्याला होतो. परत आलो तेव्हा दाजींना लेक घेऊन गेली होती आणि घराला कुलूप होतं. म्हणून माझ्यापाशी दाजींचं शेवटचं दर्शन आहे ते गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं, शिवेवरून घडलेलं.

त्या सकाळी जयवंतीकाकी गाय चारायला माळाच्या टोकाला गेली होती. वाटेने दीड मैल असला तरी तिथून सगळा गाव थेट पायाखाली दिसतो. ती परत आली आणि आबांना हाताला धरून घेऊन गेली. बघता बघता तिथे पन्नास माणसं जमली. खाली रिकाम्या गावात एका कौलारू छपरातून धूर निघत होता. घर ओळखायला कोणाला वेळ लागला नाही.

"ह्याच मनशान माझ्या आवशीकडसून मांजराचो खुलासो घेतलेलो!" हरी लाल होऊन म्हणाला. "आत्ताच्या आत्ता फोन लावतंय. आख्ख्या गावासमोर बोलांदे तेका, काय बोलता ता!"

तेवढ्यात मागचं दार उघडलं. दाजी बाहेर आले, हातात कळशी. रस्त्याच्या बाजूला कमरेएवढा गडगा आहे, तो आपल्याला लपवील असा त्यांचा हिशेब असावा. ते गुडघ्यांत वाकून, जवळजवळ रांगत, गडग्याच्या आडोशाने विहिरीकडे निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि माळाच्या बाजूने ते आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत दिसत होते. रहाट कुरकुरतो म्हणून त्यांनी रहाटाला हात लावला नाही, नुसत्या हातांनी दोर ओढला. दोन हात ओढायचे, थांबायचं, कानोसा घ्यायचा. साठी उलटलेल्या माणसाला एक कळशी पाणी काढायला दहा मिनिटं लागली. पन्नास माणसं बघत होती. सुरुवातीला दोन-चार जण हसले. मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. देवाने मागितल्याबरोबर दिली असती अशी गोष्ट हा माणूस चोरून घेत होता, कारण मागायची सोय यानेच काढून टाकली होती.

खिडकीत काहीतरी हललं. वहिनींचा हात असावा. दाजींनी तिकडे बघून तोंडावर बोट ठेवलं.

जयवंतीकाकी मागे वळली. "रामा," ती गुरवाला म्हणाली, "कौल लाव. इचार देवाक, त्या घरात चूल पेटूक परवानगी आसा काय."

"नऊ नंबरचो रूल आसा, काकी," हरी म्हणाला.

"तो फलक गावात लावलेलो आसा," आबा गावकर म्हणाले. "हय शीव सोपली."

शिवेवरच्या आंब्याखाली देवाचं एक पाषाण आहे, गाव बाहेर असताना कौल तिथेच लागतो. रामाने पाणी शिंपडलं, पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडले. "बा रवळनाथा, एक लेकरू तुझ्या गावात रवला हा. तेच्या बायलेचो शेवटचो येळ आसा. तेका इचारूक लाज वाटली, म्हणान आमी इचारतंव. चुकला माकला पदरात घे." सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाले. पुष्कळ वेळ काहीच पडलं नाही. काकी पदराची गाठ धरून पाषाणाकडे बघत राहिली. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

हरीने नाक पुसलं आणि खिशातून फोन काढला. "सांगतंय तेका. सरळ उभो रवान पाणी भर म्हणान."

काकीने त्याच्या हातावर हात ठेवला. खाली दाजी भरलेली कळशी छातीशी धरून गडग्याच्या आडून रांगत घराकडे चालले होते, पाणी सांडत होतं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "सांजपर्यंत भियांदे. मगे लाव."